धार-देवासचा धडा : वृत्तपत्रांशी वागावे कसे?

"आमच्या गावचे कोणी छापीत नाही," ही तक्रार सीमाभागातील कोणत्याही गावी गेले तरी कानावर येते. मोर्चा निघतो, सभा होते, तहसीलदारांच्या हाती निवेदन पडते. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडून पाहावे तो आतल्या पानावर चार ओळी, त्यांतही नावे चुकलेली. मग संपादकाला बोल लावला जातो, वार्ताहराच्या हेतूविषयी शंका घेतली जाते आणि 'सारीच पत्रे विकली गेली आहेत' असा निकाल चौकात लागतो. या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांना लहान गावे सहसा दिसत नाहीत, हे खरेच आहे. परंतु बातमी छापणाऱ्याचा जसा काही धर्म आहे, तसाच बातमी पुरविणाऱ्याचाही आहे. आणि तो आपण पाळतो काय, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे आपण आजवर टाळीत आलो आहोत.

या प्रश्नाचा विचार करताना माळव्यातील धार आणि देवास या दोन गावांकडे पाहणे फार उपयोगाचे ठरेल. ही दोन्ही पवारांची संस्थाने. राज्यकर्ते मराठी, त्यांच्या मागोमाग तेथे जाऊन राहिलेली घराणी मराठी, आणि सभोवतीचा मुलूख मात्र माळवी व हिंदी बोलणारा. देवासशी तर आपल्या भागाचे एक जिव्हाळ्याचे नाते आहे. बेळगावनजीकच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने देवासला गेले आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत देवासचेच होऊन राहिले. सत्तेच्या व छापखान्यांच्या केंद्रापासून दूर असलेल्या गावांनी आपली बाजू जगापुढे कशी मांडावी आणि कशी मांडू नये, या दोहोंचे दाखले या टापूच्या गेल्या शंभर वर्षांत सापडतात.

प्रथम देवासच घेऊ. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. ई. एम. फॉर्स्टर हा नामांकित इंग्रज कादंबरीकार १९२१ साली काही महिने त्यांचा खासगी चिटणीस होता. त्याच सुमारास देशातील राजेमंडळी एका गोष्टीने चिंताक्रांत झाली होती. १९१० चा जाचक वृत्तपत्रविषयक कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, आणि आता ब्रिटिश मुलखातील पत्रे आपल्यावर तुटून पडणार, असे त्यांना वाटू लागले. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरविणारे लिखाण दंडनीय ठरविणारे विधेयक सरकारने पुढे केले. मध्यवर्ती कायदेमंडळाने ते मांडू देण्यासही नकार दिला. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो कायदा केला. राजांना कवच मिळाले.

त्या कवचाचा उपयोग किती, हे पाच वर्षांत दिसून आले. १९२७ च्या अखेरीस तुकोजीरावांचे युवराज विक्रमसिंह आपल्या जिवास धोका असल्याचे सांगत देवास सोडून इंदूरला गेले. घरातील कलहाचा देशभर बोभाटा व्हावयाचा तो झालाच. पुढे राज्याची तिजोरी रिती झाली, महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. फॉर्स्टरने देवासच्या आपल्या आठवणी व पत्रे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध केली. जगात आज ज्यांना देवासचे तुकोजीराव ठाऊक आहेत, त्यांतील बहुतेकांना ते या एका पुस्तकामुळेच. पुस्तक जिव्हाळ्याने लिहिलेले आहे, हे देवासचे सुदैव. परंतु ते परक्याचे पुस्तक आहे, आणि राजवाड्यात वावरलेल्या माणसाचे आहे. त्या वर्षांत देवासच्या पेठेतील व्यापाऱ्यावर, शेतसारा भरणाऱ्या कुळावर काय गुदरले, हे त्या पुस्तकातून कळावे तरी किती? जो आपली हकीकत स्वतः लिहून ठेवीत नाही, त्याची हकीकत दुसरा लिहितो. आणि ती कशी लिहावी हे मग त्या दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. कायद्याने एखाद्या पत्राचे तोंड बंद करता येते, पण त्याच्या वाचकाचा विश्वास मिळविता येत नाही.

हेच विक्रमसिंह पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. त्या कोल्हापूरने मराठी पत्रसृष्टीला तिच्या कोवळ्या वयात एक कडू धडा दिला होता, त्याचे स्मरण येथे करणे भाग आहे. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली. वर्षभरातच कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याची प्रकरणे त्यांत गाजू लागली, आणि त्याचे खापर कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर फोडण्यात आले. पुरावा म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती आली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला; ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ च्या जुलैत शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

या प्रकरणातून टिळक-आगरकरांची कीर्ती वाढली, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांला मात्र त्याच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. महाराजांविषयीची काळजी अनाठायी नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे, देखरेखीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा करुण अंत झाला. म्हणजे मूळ गाऱ्हाण्यात जीव होता. पण त्याला खोट्या कागदांची जोड मिळाली आणि न्यायालयात विषय बदलला. महाराजांना कसे वागविले जाते याऐवजी पत्रे खरी की खोटी, यावर सारे येऊन ठेपले. गाऱ्हाणे जितके खरे, तितकी त्यात एक शब्दही वाढविण्याची चोरी असावी, हा त्याचा अर्थ. मोर्चाला हजार माणसे असताना दहा हजार लिहून पाठविणारे उत्साही कार्यकर्ते गावोगाव आहेत. त्यांना वाटते, आकडा वाढला की बातमी वाढेल. प्रत्यक्षात वार्ताहराने डोळ्यांनी हजार पाहिलेले असतात, आणि त्यानंतर त्या संस्थेच्या कोणत्याच आकड्यावर तो विश्वास ठेवीत नाही.

आता उजळ बाजू. धार आणि देवास या दोन्ही गावांना जवळचे मोठे शहर म्हणजे इंदूर. तेथे १९४७ साली 'नई दुनिया' हे हिंदी दैनिक निघाले. राहुल बारपुते हे मराठी भाषक गृहस्थ दीर्घकाळ त्याचे संपादक होते. कुमार गंधर्वांच्या निकटच्या स्नेह्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या अमदानीत या पत्रातील वाचकांच्या पत्रांचे सदर विशेष नावाजले. रस्ता, शाळा, पाणी यांविषयी लहान गावातून पोस्टकार्डावर लिहून पाठविणारा मनुष्य हा त्या पत्राचा जणू बिनपगारी वार्ताहर असे. याच पत्राने हिंदी पत्रसृष्टीला दोन थोर संपादक दिले. राजेंद्र माथुर हे धार जिल्ह्यातील बदनावरचे. विशीत 'नई दुनिया'त लिहू लागले आणि पुढे दिल्लीच्या 'नवभारत टाइम्स'चे संपादक झाले. प्रभाष जोशी तरुणपणी देवास भागातील सुनवानी महाकाल या खेड्यात शिक्षक होते. १९६० मध्ये विनोबा इंदुरात आले तेव्हा त्यांनी त्या मुक्कामाच्या बातम्या 'नई दुनिया'साठी लिहिल्या, आणि १९८३ मध्ये 'जनसत्ता'चे संस्थापक-संपादक म्हणून ते देशभर ओळखले गेले. पत्राची मालकी २०१२ मध्ये बदलली. ते जुने दिवस आता राहिले नाहीत. तथापि त्या काळाचा बोध जुना झालेला नाही. खेड्यातील शिक्षक, तालुक्याच्या गावचा पदवीधर आणि पोस्टकार्ड लिहिणारा दुकानदार हेच वृत्तपत्राचे खरे डोळे असतात, आणि संपादकही कधी कधी त्यांच्यांतूनच घडतात.

नुसते वाचकपत्र लिहून भागत नाही अशी वेळही येते. धार जिल्ह्याच्या दक्षिण कडेला नर्मदाकाठी निसरपूर, चिखल्दा ही गावे होती. सरदार सरोवराच्या फुगवट्यात ती जाणार, हे नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानंतर स्पष्ट झाले. तेव्हापासून पुढे चाळीस वर्षे ही खोऱ्यातील गावे देशाच्या बातम्यांत राहिली, याचे श्रेय मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या शिस्तबद्ध कामाला द्यावयास हवे. त्या आंदोलनाची मते सर्वांना पटावीत असे नाही. धरणाचे पाणी ज्यांना मिळाले त्यांची बाजू वेगळी आहे. आम्ही येथे फक्त कामाची पद्धत पाहत आहोत. १९८९ च्या सप्टेंबरात हरसूद येथे हजारोंचा मेळावा भरला, तेव्हा दिल्ली-मुंबईची पत्रे खोऱ्यात आली. २०१२ मध्ये ओंकारेश्वर धरणाच्या बुडितात खंडवा जिल्ह्यातील घोघलगाव येथे लोक १७ दिवस पाण्यात उभे राहिले, आणि पाण्यावर दिसणाऱ्या माणसांच्या माना व पाण्याने सोललेले पाय यांची छायाचित्रे देशभर छापून आली. सरकारला पाण्याची पातळी १८९ मीटरपर्यंत उतरविण्याचे मान्य करावे लागले.

परंतु छायाचित्राने डोळे वळतात. ते वळलेले डोळे टिकतात ते कागदामुळे. कोणत्या गावात किती कुटुंबे, त्यांतील कोणाला जमीन मिळाली, कोणाला नाही, याच्या याद्या गावोगाव तयार होत्या. पुनर्वसनातील बनावट खरेदीखतांचे प्रकरण आंदोलनाने न्यायालयात नेले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २००८ मध्ये न्यायमूर्ती झा आयोग नेमला आणि २०१६ मध्ये त्याचा अहवाल आला. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि त्याच आदेशात ३१ जुलैपर्यंत बुडित क्षेत्र रिकामे करण्यासही सांगितले. त्या पावसाळ्यात मेधाताई चिखल्द्यात उपोषणास बसल्या. ७ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना उचलून इस्पितळात नेले आणि पुढे धारच्या तुरुंगात ठेवले. १७ सप्टेंबरला धरणाचे लोकार्पण झाले. २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि चिखल्दा-निसरपूर पाण्याखाली गेली.

येथे कोणी विचारील, मग प्रसिद्धीचा उपयोग काय झाला? गाव तर बुडालेच. हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. वृत्तपत्रांनी धरण थांबविले नाही. ते त्यांचे कामही नव्हे. मात्र खरेदीखतांचा घोटाळा दडून राहिला नाही, ६८१ कुटुंबांची मोजदाद सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात उतरली, आणि बुडालेल्या गावांची नावे देशाला ठाऊक झाली. देशात धरणांखाली शेकडो गावे अशी गेली की त्यांची नावेही कोणी छापली नाहीत. प्रसिद्धी म्हणजे विजय नव्हे, ती साक्ष आहे. आणि साक्ष नोंदविल्यावाचून पुढचा कोणताही निवाडा मागता येत नाही. प्रसिद्धीपासून याहून अधिक अपेक्षा ठेवणारे लवकर निराश होतात.

याच धार जिल्ह्यातील पीथमपूरचे अलीकडचे उदाहरण सरकारी अधिकाऱ्यांनीही गिरवावे असे आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीच्या प्रारंभी पीथमपुरात जाळण्यासाठी आणला गेला. दुसऱ्याच दिवशी गाव रस्त्यावर आले. त्यानंतर सरकारने उच्च न्यायालयात जाऊन खोट्या बातम्या पसरल्याचे गाऱ्हाणे मांडले, मुदत मागून घेतली, आणि न्यायालयानेही माध्यमांना चुकीच्या बातम्या न देण्याविषयी बजावले. पुढे चाचण्या झाल्या व जूनअखेर तो कचरा जाळून झाला. अफवा पसरल्या असतील; पण चाळीस वर्षे भोपाळात पडून राहिलेला कचरा रात्रीच्या बंदोबस्तात दाराशी येऊन उभा राहिला, तर लोकांनी दुसरे काय करावे? जे समजावून सांगावयाचे ते ट्रक निघण्यापूर्वी सांगावयास हवे होते, आणि स्थानिक वार्ताहरांना भट्टी दाखवावयास हवी होती. आधी सांगितलेली माहिती ही माहिती असते. नंतर सांगितलेली तीच माहिती सारवासारव वाटते.

आता आपल्याकडे वळू. वरील सर्व दाखल्यांतून व्यवहाराच्या चार गोष्टी निघतात, त्या आम्ही स्पष्ट मांडतो.

पहिली गोष्ट, एका पत्रकात एकच विषय असावा. पाणी, शाळा, रस्ता, भाषा आणि दवाखाना यांची गाऱ्हाणी एका कागदावर कोंबली की उपसंपादकाला मथळाच सापडत नाही. काय घडले, कोठे, केव्हा, किती जणांवर परिणाम झाला, मागणी कोणती आणि ती कोणाकडे, एवढे पहिल्या परिच्छेदात यावे. पाहुण्यांची नामावळी शेवटी द्यावी. खरे म्हणजे नसली तरी चालेल. सोबत आदेशाची, अर्जाची किंवा नकाशाची प्रत जोडावी. पत्रक संध्याकाळी पाने लागण्याच्या घाईत नेऊन टाकू नये, दुपारपर्यंत पोचवावे.

दुसरी गोष्ट, उत्तर देणारा एक मनुष्य ठरवावा. वार्ताहराने दूरध्वनी केला की एकाने एक आकडा सांगावा आणि दुसऱ्याने दुसरा, ही आपल्या संस्थांची नेहमीची रीत आहे. जो नेमला असेल त्याला आपल्या बाजूचे उणे काय आहे, तेही माहीत असावे. अडचणीचा प्रश्न आला की 'हे छापू नका' असे न म्हणता सरळ उत्तर द्यावे. जे ठाऊक नाही ते विचारून तासाभरात सांगतो म्हणावे, आणि तासाभरात सांगावे.

तिसरी गोष्ट, वार्ताहराचा मान राखावा आणि त्याला विकत घेऊ नये. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. अनेक ठिकाणी जाहिराती मिळविण्याचे ओझेही त्याच्याच माथी असते. त्याला सभेत मागच्या रांगेत बसवावे आणि बातमी न आल्यास धमकवावे, किंवा उलट पाकीट देऊन मिंधा करावे, हे दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पैसे देऊन छापविलेल्या बातम्यांचे प्रकरण उघडकीस आले, आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने या रोगावर सविस्तर अहवाल लिहिला. विकत घेतलेली बातमी वाचक ओळखतो, आणि मग त्याच पानावरची आपली खरी बातमीही त्याला विकतचीच वाटते.

चौथी गोष्ट, चूक छापली गेली तर रागावण्याआधी खुलासा लिहावा. कोणते वाक्य चुकले, खरे काय आणि त्याला आधार कोणता, हे दहा ओळींत लिहून त्याच दिवशी संपादकाकडे पाठवावे. दखल घेतली गेली नाही, तर प्रेस कौन्सिलकडे जाता येते. मात्र आधी संपादकाला लिहिलेले असावे लागते, आणि दैनिकाच्या बाबतीत तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देऊ शकते. पण तिच्या निर्णयाची नोंद कायम राहते. मोबाइलवरून फिरणाऱ्या चित्रांच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. तारीख व ठिकाण ठाऊक नसलेले चित्र पुढे ढकलणारा मनुष्य कोल्हापूर प्रकरणातील त्या बनावट पत्रांचीच पुनरावृत्ती करीत असतो.

शेवटी एक गोष्ट, जी कित्येकांना रुचणार नाही. आपण आपले गाऱ्हाणे आपल्याच भाषेत, आपल्याच पत्रांत, आपल्याच माणसांना सांगत आलो आहोत. त्याने धीर मिळतो, एकजूट राहते, आणि ते चालूच राहावयास हवे. परंतु ज्याला ते आधीच ठाऊक आहे त्यालाच ते पुन्हा सांगून नवा साक्षीदार मिळत नाही. राहुल बारपुते मराठी होते. हिंदी पत्राचे संपादक झाल्याने त्यांचे मराठीपण उणे झाले नाही, उलट माळव्यातील मराठी मंडळींच्या घरचे सुखदुःख जाणणारा मनुष्य हिंदी वाचकाच्या दाराशी बसला. आपल्या गावांतील कन्नड पत्रांच्या वार्ताहराशी आपले बोलणे आहे काय? दवाखान्यातील फलक न कळल्याने म्हातारीची झालेली फरफट, किंवा शाळेत शिक्षक नसल्याने मुलांचे बुडालेले वर्ष, याचा कागद आपण त्याच्याच भाषेत, सभ्य शब्दांत, आकड्यांसह त्याच्या हाती कधी दिला आहे काय? इंग्रजी आणि हिंदी पत्रांना आपण पत्रक पाठवितो ते मराठीतलेच, आणि छापले नाही म्हणून रुसतो.

प्रत्येक गावातील वाचनालयाने किंवा तरुण मंडळाने एवढे तरी करावे : दोन-तीन जाणत्या मंडळींनी महिन्यातून एकदा बसून गावच्या एका प्रश्नाचा एक पानी कागद मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषांत तयार करावा, त्याला पुरावा जोडावा, खाली उत्तरदायी मनुष्याचे नाव द्यावे आणि तो तिन्ही भाषांच्या वार्ताहरांना हातोहात द्यावा. पहिल्या महिन्यात कदाचित कोणी छापणार नाही. सहा महिन्यांनी मात्र त्या गावाचे नाव निघाले की 'तेथून येणारी माहिती पक्की असते' असे वार्ताहर आपसात म्हणू लागतील. आपल्या गावाविषयी एवढा लौकिक संपादणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही.